वेग मोजणारा कॅमेरा: लोकांचा राग काट्यावर आहे की काटामारीवर?

सकाळी बेळगावहून निघायचं, कोल्हापुरात काम उरकायचं, दिवेलागणीला घरी परत. आणि आठ-दहा दिवसांनी मोबाईल वाजतो: तुमच्या केए-२२ गाडीने अमुक ठिकाणी अमुक वाजता वेगमर्यादा ओलांडली, इतका दंड. ठिकाण ओळखीचं, वेळही बरोबर. खरं तिथे कुणी अडवलं नव्हतं, शिट्टी नव्हती, खाकी कपडा नजरेला पडला नव्हता. मग घरात ठरलेली चर्चा सुरू होते. एक म्हणतो, ही नवी वसुली. दुसरा म्हणतो, बरं झालं, हायवेवर उडत जाणाऱ्यांना कुणीतरी पाहिजेच होतं. तिसरा आठवण करून देतो की त्या दिवशी गाडी मेहुण्याकडे होती. आणि चौथा हळूच सुचवतो, भरू नकोस इतक्यात, नंतर निम्म्यात मिटतं.

चौघांचंही थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच या विषयावर लोकांचं मत काय, याला एका शब्दात उत्तर नाही. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, कारखान्याचा वजनकाटा हवा की नको? तो म्हणेल, काटा हवाच, काटामारी नको. वेगाच्या कॅमेऱ्याबद्दल बहुतेकांचं म्हणणं, नीट ऐकलं तर, हेच असतं.

तेव्हा आधी काटा कसा चालतो ते बघू, मग काटामारी कुठे होऊ शकते ते.

## कॅमेरा वेग मोजतो म्हणजे काय करतो

कॅमेरा फक्त फोटो काढतो. वेग मोजणारं यंत्र वेगळं असतं आणि ते कॅमेऱ्याला जोडलेलं असतं. त्याचे मुख्य तीन प्रकार.

पहिला रडारचा. रेल्वे गेटजवळ उभं राहून शिट्टी ऐकली असेल, तर गाडी जवळ येताना आवाज चढा आणि लांब जाताना उतरता लागतो हे ठाऊक असेल. रडार हेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतं. लहर गाडीवर आपटून परत येते तेव्हा तिचा सूर किंचित बदललेला असतो. हा बदल किती, त्यावरून वेग निघतो. २४ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर गाडी १०० च्या वेगाने आली, तर फरक पडतो सेकंदाला सुमारे साडेचार हजार कंपनांचा. हा फरक मोजणं यंत्राला मुळीच जड नाही. जड असतं ते ही लहर नेमकी कुठल्या गाडीवरून परत आली हे ठरवणं. शेजारून ट्रक आणि मोटारसायकल एकदम गेली, तर ट्रकचा पत्रा मोठा, त्याचं प्रतिबिंब जोरदार. चांगल्या यंत्रात गाडी रस्त्याच्या कुठल्या पट्ट्यात (लेनमध्ये) आणि किती अंतरावर आहे ते वेगळं ओळखायची सोय असते आणि शंका आली की ते मोजमाप टाकून देतं. जुन्या किंवा नीट न लावलेल्या यंत्रात गफलत होते ती इथेच.

दुसरा लेझरचा. पोलिसाच्या हातातली स्पीडगन बहुधा हीच. ती सेकंदाला शेकडो प्रकाशठिणग्या सोडते, प्रत्येक ठिणगीला जाऊन यायला किती वेळ लागला ते बघते, आणि गाडीचं अंतर कसं घटतंय त्यावरून वेग काढते. झोत इतका बारीक की १०० मीटरवर तो साधारण वीतभर-दीड वीत रुंद असतो. त्यामुळे नेमकी गाडी पकडता येते, पण हात हलला आणि झोत बॉनेटवरून घसरून काचेवर गेला तर आकडा बिघडतो. म्हणून ती तिपाईवर ठेवून वापरणं बरं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. यंत्र रस्त्याच्या कडेला तिरकं उभं असतं म्हणून जास्त वेग दाखवतं, असं बरेच जण म्हणतात. होतं उलटं. तिरक्या कोनातून गाडीचा वेग कमीच दिसतो. कोन २० अंशांचा असेल तर १०० ची गाडी ९४ ची वाटते. कडेला स्थिर उभ्या यंत्राची ही चूक चालकाच्या पथ्यावर पडते.

तिसरा प्रकार सरासरी वेगाचा. दोन कमानी, मधे ठरलेलं अंतर. पहिल्या कमानीखाली नंबर टिपला, दुसरीखाली परत टिपला, मधला वेळ मोजला. पाचवीतलं गणित. कमानींत ५ किलोमीटर अंतर आणि मर्यादा १०० असेल तर कमीत कमी १८० सेकंद लागायला हवेत. १५० सेकंदांत पोचलात, तर तुमची सरासरी १२०. दोन्हीकडची घड्याळं एका सेकंदाने चुकली तरी निकालात अर्ध्या किलोमीटरचाच फरक पडतो, म्हणून ही पद्धत तिघींत भांडायला सगळ्यात कमी जागा ठेवते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी यंत्रणा आहे तिच्यात ठरावीक जागेवरचा वेग आणि सरासरी वेग असे दोन्ही प्रकार आहेत.

कोगनोळीच्या टोलनाक्यावरून हत्तरगीला किती मिनिटांत पोचला ते फास्टॅगवरून बघून चलान काढतात, अशी एक गोष्ट मोबाईलवर फिरत असते. फास्टॅग टोल कापायचं साधन आहे, वेग मोजायचं प्रमाणित यंत्र नाही.

## नंबर वाचताना होणारे घोळ

वेग बरोबर मोजला, पण नंबर चुकीचा वाचला, की दंड तिसऱ्याच्याच गळ्यात. पाटी वाचणारं सॉफ्टवेअर अक्षरांचे आकार ओळखतं. बी आणि आठ, डी आणि शून्य, आय आणि एक यांच्यात ते अडखळतं. चिखलाने अर्धी झाकलेली पाटी, वाकलेली पाटी, मधे घुसवलेला देवाचा किंवा पक्षाचा बिल्ला, सुटून पडलेल्या स्क्रूऐवजी ठोकलेला काळा खिळा: यातल्या कशानेही तीनचा आठ होऊ शकतो. खानापूर-लोंढा पट्ट्यात पावसाळ्यात मागची पाटी चार दिवसांत लाल होते, ती पुसत जा. देवनागरीत किंवा कन्नडमध्ये नंबर लिहिणं हौसेला ठीक, नियमाला ठीक नाही. कायद्याने इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडेच लागतात.

दुसरी भानगड नकली पाटीची. तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीवर लावून कुणी फिरत असेल, तर चलान तुम्हाला येणार. अशा वेळी फोटो हाच तुमचा साक्षीदार. गाडीचं मॉडेल, रंग, टपावरचं कॅरियर, काचेवरचं स्टिकर, बंपरवरचा ओरखडा हे सगळं फोटोशी ताडून बघा. म्हणून चलान आल्यावर रकमेआधी फोटो उघडायचा.

## मर्यादा किती, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत कमाल वेग गाडीच्या प्रकारानुसार दिले आहेत. मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मोटारसायकलला ८०, मालवाहू गाडीला ८०, मोठ्या प्रवासी गाडीला म्हणजे बस-मिनीबसला ९०, रिक्षाला ५०. साध्या रस्त्यावर कारला ७०, मोटारसायकल, ट्रक आणि बसला ६०.

म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेवर कारच्या बरोबरीने ९५ ने जाणारा बुलेटवाला दंडाला पात्र आणि कारवाला नाही. हे बऱ्याच बुलेटवाल्यांना चलान आल्यावरच कळतं.

वरचे आकडे कमाल आहेत, हक्काचे नाहीत. घाट, वस्ती, शाळा, वळण, रस्त्याचं काम अशा ठिकाणी मर्यादा खाली आणता येते आणि मग तिथल्या बोर्डवरचा आकडा चालतो. तवंदी घाट उतरताना १०० चा हिशेब सांगून उपयोग नाही. तक्रारीला खरी जागा मिळते ती इथे. १०० वरून एकदम ४० चा बोर्ड, तोही झाडाच्या फांदीआड, आणि पुढे दोनशे मीटरवर यंत्र. अशा जागी वेग कमी करायला जोरात ब्रेक मारावा लागतो, आणि मागून ट्रक येत असेल तर तो ब्रेकच अपघाताचं कारण. मर्यादा पायऱ्यापायऱ्याने उतरवायची असते, १००, ८०, ६०. सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वाहतूक वळवली आणि परत सरळ केली, पण तात्पुरता बोर्ड तसाच राहिला, असाही प्रकार होतो. बोर्ड चुकीचा असेल तर यंत्र कितीही अचूक असू दे, न्याय चुकलाच.

## "माझ्या मीटरला तर ९८ होते"

गाडीचा स्पीडोमीटर मुद्दाम थोडा चढा बनवलेला असतो. तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवला तरी खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४ याहून जास्त नको, असं मानक आहे. मीटरवर ९८ दिसत असतील तर खरा वेग साधारण ८६ ते ९८ च्या मधे कुठेतरी.

यातून हाताशी येणारी गोष्ट अशी: मीटरला ९८ असताना चलानात ११२ आलं, तर काहीतरी नक्की बिघडलं आहे. एक तर यंत्राने दुसऱ्याची गाडी मोजली, नाहीतर तुमच्या गाडीला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवलेत. टायर मोठा झाला की चाक कमी फिरतं, मीटर खाली दाखवतो आणि गाडी प्रत्यक्षात जास्त पळते. जीपला रुबाबासाठी मोठे टायर घालणाऱ्यांनी एकदा मोबाईलच्या जीपीएसवर वेग ताडून बघावा.

## काट्यावर शिक्का कुणाचा

किराणा दुकानातल्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. वेग मोजणाऱ्या रडारलाही आता तसाच शिक्का लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने त्यासाठी वजनमापे नियमांत भर घातली आणि ती १ जुलै २०२५ पासून लागू झाली. रडार आधी तपासून, शिक्का मारून घ्यायचं, मगच वापरायचं.

याआधीच मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे नियम, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ अ. तो सामान्य माणसाच्या बाजूने बराच बोलतो, पण कुणी वाचत नाही. यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यतापत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. यंत्र आहे अशा पट्ट्याआधी सहज दिसेल असा सूचनाफलक हवा. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस जायला हवी. चलानासोबत काय असावं तेही लिहिलंय: नंबरप्लेट आणि गुन्हा स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख-वेळ-ठिकाण, कुठलं कलम मोडलं ते, आणि हा इलेक्ट्रॉनिक पुरावा अस्सल असल्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली असायचं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली.

झाडामागे बसून स्पीडगन रोखणं लोकांना का खुपतं, त्याचं उत्तर या सूचनाफलकाच्या अटीत आहे. बोर्ड लावून मोजलं तर हेतू वेग कमी करण्याचा. लपून मोजलं तर हेतू पावती फाडण्याचा. निदान लोक तसं समजतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

## चलान आलं: आता काय

मेसेजमधल्या लिंकवर थेट बोट ठेवू नका. ई-चलानच्या नावाने पैसे लुटणाऱ्या बनावट लिंका आणि ॲपच्या फायली फिरतात. परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चासीचे किंवा इंजिनचे शेवटचे आकडे घाला. खरं चलान असेल तर तिथे दिसेलच.

मग फोटो, आकडा, वेळ, ठिकाण या क्रमाने बघा. सगळं जुळत असेल तर भरून मोकळे व्हा. कायद्यात हलक्या गाडीला या गुन्ह्यासाठी १,००० ते २,००० आणि मध्यम-अवजड गाडीला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. जागेवर तडजोडीने किती घ्यायचे ते राज्य ठरवतं, आणि कर्नाटकाने सप्टेंबर २०१९ मध्ये बऱ्याच गुन्ह्यांचे दर खाली आणले होते. परत परत तोच गुन्हा झाला तर लायसन्सवर गदा येते. ऑगस्ट २०२४ पासून १३० च्या वर पळणाऱ्यांवर थेट एफआयआर करायचं धोरण कर्नाटक पोलिसांनी जाहीर केलंय, तेव्हा तिथे प्रश्न नुसत्या पावतीचा राहत नाही.

जुळत नसेल तर भरू नका. भरलं म्हणजे कबूल केलं. पोर्टलवर तक्रारीची सोय आहे तिथे, किंवा ज्या पोलीस ठाण्याने चलान काढलं तिथे लेखी, पोच घेऊन तक्रार द्या. सोबत आरसीची प्रत, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा असेल तर तो: टोलची नोंद, पेट्रोलपंपाची पावती, गॅरेजचं बिल. न भरलेलं आणि न लढवलेलं चलान पुढे कोर्टात जाऊ शकतं, बहुतेक वेळा ऑनलाइन चालणाऱ्या व्हर्च्युअल कोर्टात. तिथे दंड मान्य करता येतो किंवा खटला लढवतो म्हणून सांगता येतं. लढवला की पुरावा सादर करायचं ओझं पोलिसांवर, आणि मान्यतापत्राची, शिक्क्याची मागणी तिथे कामाला येते.

गाडी मेहुण्याकडे होती त्याचं काय? कॅमेऱ्याला पाटी दिसते, ड्रायव्हर नाही. म्हणून नोटीस आरसीवरच्या मालकाला. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं की चालवणाऱ्याचं नाव-पत्ता मालकाने द्यायचा असतो. नाव द्यायचं की घरातली शांतता टिकवायची, हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा.

## सीमाभागातले जादा गुंते

गाडी विकून दोन वर्षं झाली तरी चलान येतंय, ही तक्रार आपल्याकडे जास्त ऐकू येते, कारण गाड्या चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे सर्रास विकल्या जातात आणि कागद मागे राहतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटाकडे दिले म्हणजे झालं, असं समजू नका. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, आणि परराज्यात विकली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परराज्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायचं. तोवर कायद्याच्या डोळ्यांत मालक तुम्हीच.

दोन राज्यांचे दंडाचे दर आणि सवलती वेगळ्या. महाराष्ट्रात निघालेलं चलान कर्नाटकाच्या सवलतीत बसत नाही. मेसेज आला की कुठल्या राज्याचं आहे ते आधी बघायचं.

आणि भाषा. नोटीस कन्नडमध्ये आली की मराठी वाचणारा माणूस शेजाऱ्याच्या शाळकरी पोराला हाक मारतो. ही अडचण खरी आहे. ज्याला दंड भरायचाय त्याला आरोप कळायला हवा, त्यात भाषेचं राजकारण आणायची गरज नाही. बोर्डांचं मात्र तितकं अडत नाही. 'वेगद मिती' म्हणजे वेगाची मर्यादा, 'निधानवागि चलिसि' म्हणजे सावकाश चालवा, 'अपघात वलय' तर सांगायलाच नको. लाल वर्तुळातला आकडा ना मराठी ना कन्नड. आणि दंड हा शब्द दोन्हीकडे दंडच.

## "हे सगळं पैशासाठी चाललंय"

या आक्षेपाला हसून वाटेला लावता येणार नाही. ब्रिटनने २००० च्या सुमारास अशी सोय केली होती की कॅमेऱ्यांचा खर्च दंडाच्या पैशातूनच भागवायचा. कॅमेरे वाढले, आणि लोकांचा संशयही. शेवटी २००७ मध्ये ती सोय बंद करावी लागली. फ्रान्समध्ये इंधन दरवाढीवरून पेटलेल्या २०१८ च्या पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात देशातले निम्म्याहून जास्त वेग-कॅमेरे फोडले किंवा झाकले गेले. केरळात जून २०२३ मध्ये ७२६ कॅमेरे चालू झाले तेव्हा वाद पेटला तो कंत्राटावरून. गंमत अशी की त्या ७२६ पैकी वेगासाठीचे जेमतेम ८ होते, बाकी मुख्यतः हेल्मेट आणि सीटबेल्टचे.

तिन्हीकडे यंत्राच्या अचूकतेवरून फारसं कुणी रस्त्यावर आलं नाही. पैसा कुठे जातो, हा प्रश्न होता. तोलणाऱ्यालाच वजनामागे कमिशन असेल तर काट्यावर भरवसा कोण ठेवेल? कंत्राटदाराला चलानामागे पैसे मिळत नाहीत आणि जमा झालेला दंड त्याच रस्त्याच्या दिव्यांवर आणि बोर्डांवर खर्च होतो, हे आकड्यानिशी दाखवलं तर अर्धा राग तिथेच विरेल.

सवलतीचा मुद्दाही इथलाच. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या चलानांवर ५० टक्के सूट दिली, ऑगस्ट २०२५ मध्ये परत दिली. रांगा लागल्या, तिजोरी भरली. पण ज्याने मुदतीत पूर्ण रक्कम भरली तो खुळा ठरला, आणि 'निम्म्यात मिटतं' म्हणणारा चौथा पाहुणा शहाणा. वसुलीला हे सोयीचं असेल. दंड वेग आवरण्यासाठी आहे या म्हणण्याला त्याने तडा जातो.

## "कॅमेऱ्याने अपघात कमी होतात कशावरून"

जगभरच्या ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० मध्ये घेतला गेला. कॅमेऱ्याच्या आसपास सगळे अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी, आणि जीवघेणे किंवा गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले. आकड्यांत एवढी तफावत का? कारण जागा वेगळ्या, पद्धती वेगळ्या. शिवाय कॅमेरा बसतो तिथे, जिथे गेल्या वर्षी अपघात फार झाले. पुढच्या वर्षी ते थोडे आपोआपही उतरतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो, श्रेय अंगाऱ्याला जातं. चांगले अभ्यास हा भाग वजा करतात, आणि तरीही घट शिल्लक राहते.

आपल्याकडचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्के अतिवेगाच्या रकान्यात. हा रकाना जसाच्या तसा गिळू नये. अपघाताची नोंद करताना दुसरं कारण हाताशी नसलं की तोच भरला जातो. पण वेगाचं गणित त्या रकान्यावर अवलंबून नाही.

गळीत हंगाम घ्या. रात्रीची वेळ, संकेश्वरच्या आसपास, पुढे उसाची ट्रॉली २० च्या वेगाने चाललीय, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. समोरून गाड्या येतात म्हणून तुमचा लाइट डिपरवर, त्यात ट्रॉली दिसते साधारण ४५ मीटरवर. तुम्ही ८० ने असाल, तर दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद आणि पुढे कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेक धरून, ट्रॉलीच्या वेगाला येईपर्यंत मधल्या अंतरातले ३७ मीटर संपतात. वाचलात. तुम्ही १०० ने असाल, तर मधे ५८ मीटर लागतात. म्हणजे ट्रॉलीवर आदळाल, आणि त्या क्षणी तुमचा वेग तिच्यापेक्षा अजून ४८ ने जास्त असेल. उसाच्या मोळ्या बरोबर काचेच्या उंचीवर असतात.

या २० ने बेळगाव-कोल्हापूरच्या सुमारे ११० किलोमीटरांत वाचतात १६ मिनिटं.

## "आधी ट्रॉलीला दिवे लावा, रस्ते नीट करा"

अगदी बरोबर. ट्रॉलीला मागे दिवा नसणं, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, दुभाजक फोडून केलेली वाट, यातलं काहीच वेगाच्या रडारला दिसत नाही. कॅमेरा बसवला म्हणजे गस्त काढून घेतली, असं झालं तर नुकसानच. माझ्या मते सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे. खरं त्याचं उत्तर कॅमेरा काढा असं होत नाही. बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर आहे तोवर १०० चा वेग जास्तच धोक्याचा, हे वरच्या हिशेबातच आलं.

"मोठ्यांच्या गाड्या सोडतात" याला मात्र यंत्रापाशी चांगलं उत्तर आहे. रडारला आमदाराची गाडी आणि वडापची गाडी सारखीच. फोन करून सुटायची वाट, झालीच तर, नंतर चलान मंजूर करणाऱ्या टेबलावर तयार होते. म्हणून किती नोंदी टिपल्या, किती चलान निघाले आणि किती रद्द केले, हे तीन आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत.

## "कॅमेऱ्यापाशी ब्रेक, पुढे भुर्र"

मास्तर व्हरांड्यातून जाईपर्यंत वर्ग शांत, पाठ फिरली की गोंगाट. एकाच जागी खिळलेल्या कॅमेऱ्याचं हेच होतं. गावातल्या सगळ्यांना आठ दिवसांत जागा पाठ होते आणि दंड भरतो तो परगावचा. उपाय सरासरी वेगाचा: दोन कमानींच्या मधे पूर्ण पट्टाभर मर्यादा पाळावीच लागते, मधे ब्रेक मारून सुटका नाही. खर्च जास्त, पण घाटासारख्या तुकड्याला तोच शोभतो.

## तुमच्या रस्त्यावरचा काटा तपासायचा असेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, तेव्हा पाल्हाळ नको. अमुक ठिकाणच्या यंत्राचा क्रमांक, वजनमापे खात्याच्या तपासणीची तारीख, चालू वर्षाच्या मान्यतापत्राची प्रत, सूचनाफलक यंत्राच्या किती मीटर आधी आहे, तिथली वेगमर्यादा कुठल्या आदेशाने ठरली त्याची प्रत, आणि गेल्या सहा महिन्यांत किती चलान निघाले, किती रद्द झाले. एवढं विचारायला ६०-७० शब्द पुरतात.